लागतंय का?

आधी वास आला. प्लॅस्टिक जळाल्यासारखा, पण प्लॅस्टिकपेक्षा जरा गोडसर. त्याने नेहमीच्या सवयीने आधी बोर्डाकडे पाहिलं, मग वायरींकडे, मग टेबलाखालच्या प्लगकडे. सगळं जागच्या जागी होतं. मग त्याला दिसलं, की आपल्या उजव्या हाताचा अंगठा सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या दांड्याला टेकलाय आणि वास त्याचाच आहे. त्याने हात मागे घेतला, कुणा दुसऱ्याचा हात उचलून बाजूला ठेवावा तसा, बेताने. पेरावर पांढुरका फोड धरायला लागला होता. चटका बसल्यावर ओरडायचं असतं, बोट तोंडात घालायचं असतं, कुणाच्या तरी नावाने शिवी हासडायची असते, हे सगळं त्याला आठवलं तेव्हा वेळ निघून गेली होती. आता ओरडणं म्हणजे नाटक झालं असतं. त्याने अंगठा पाण्याच्या बाटलीला लावून धरला आणि बाटली गार आहे की कोमट, हेही आपल्याला कळत नाहीये, हे त्याच्या ध्यानात आलं.

"काय हो भावोजी, काय जळतंय?" पार्टिशनच्या पलीकडून मेहुण्याने विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीला वास बरा येतोय."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं, पण गिऱ्हाइकांच्या लेखी ते मेहुण्याचंच, कारण बोलायचा तो. तो दारापाशी काउंटरवर बसायचा आणि हा पार्टिशनच्या मागे, दिव्याखाली. "तोंड माझं, हात भावोजींचे," असं मेहुणा येईल त्याला सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुकानात जुन्या व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त होत. नव्यांच्या वाटेला ते जात नसत. ज्यांचे कारखाने केव्हाच बंद पडले आणि ज्यांचे सुटे भाग आता कुणी बनवत नाही, असले कंट्रोलर लोक माळ्यावरून, कपाटाच्या तळातून शोधून आणत. बटणं पिवळी पडलेली, फटींत कुठल्या काळच्या बिस्किटांचा चुरा, वायर मानेपाशी मोडलेली. आणणारी माणसं बहुतेक केस पिकायला लागलेली. लहानपणी जिथे हरली होती तिथे पुन्हा एकदा जाऊन यायचं त्यांच्या मनात असे. दोष मात्र तेच ते. एखादं बटण लागत नसे, एखादं न दाबताच लागून बसे, कधी दांडी सोडून दिली तरी पडद्यावरचा माणूस आपला आपण डावीकडे चालत राही. यातलं काहीही त्याला अवघड नव्हतं. अवघड नव्हतं म्हणूनच तो इतकी वर्षं त्यात रमला होता, असं बायको म्हणायची.

फोडाला चिकटपट्टी लावून तो पुन्हा कामाला बसतोय तोच क्रेन चालवणारी ती बाई आली. पार्टिशनला हातभर रुंद खिडकी होती, तिच्यातून त्याला तिचं काखेतलं हेल्मेट आणि कोपरापर्यंतची धूळ तेवढी दिसली. तिने कंट्रोलर काउंटरवर ठेवला.

"मागच्या आठवड्यात नेला होता. बटणं घट्ट झालीत."

"ताई, नवीन रबर आहे ते," मेहुणा म्हणाला. "नव्या चपलापण चार दिवस चावतातच की."

"चावणाऱ्या चपला मी दुकानातच परत करते."

"सवयीचा भाग असतो हो."

"सवय कसली लावताय? दिवसभर मी दांड्याच फिरवते. वर बसून खालच्या माणसाच्या डोक्यावर चार टन लोखंड उतरवायचं असतं, मला नका सांगू बटण घट्ट म्हणजे काय ते. आधी एकच बटण लागत नव्हतं. आता चारही लागतात, पण ती मलाच लागतात." तिने अंगठा वर करून दाखवला. तो लाल झाला होता.

मेहुणा हसला आणि हसता हसता त्याने कंट्रोलर खिडकीतून आत सरकवला. ड्यूटी सुटली की येते, असं सांगून ती गेली. मेहुण्याने खिडकीत डोकं घातलं. "भावोजी, या महिन्यात हे तिसरं. गिऱ्हाइकांचे अंगठे नाजूक झाले की काय सगळ्यांचे?" त्याने कंट्रोलर दिव्याखाली ओढला. पहिली तक्रार एका निवृत्त पोस्टमनची होती, दुसरी कुणा दोन भावांची, आणि त्या दोन्ही वेळी त्याने बटणं दाबून पाहिली होती, ठीक आहेत म्हणून परत दिली होती. आताही त्याने कंट्रोलर वायरीने जुन्या टीव्हीला जोडला. पडद्यावर प्रत्येक बटणासाठी एक चौकोन होता, बटण लागलं की तो उजळायचा. त्याने एकेक बटण दाबलं आणि चारही चौकोन उजळले. बटण लागतं की नाही ते पडदा सांगतो, पण कसं लागतं ते अंगठ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. बटणाखाली रबराचा फुगीर घुमट असतो, त्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. दाबलं की घुमट आधी जरा अडतो, मग एकदम हार खातो आणि टिकली खालच्या बोर्डाला भिडते. ते अडणं आणि ते हार खाणं या दोहोंच्या मधल्या जागेत त्याचं सगळं कसब होतं. आणि त्या जागेचा निकाल त्याच्या अंगठ्याने दिला, की बटणं अगदी बेताची आहेत. घट्ट तर मुळीच नाहीत.

अशा वेळी काय करायचं याचा नियम दुकानात ठरलेला होता. टेबलाच्या वर खिळ्याला एक कंट्रोलर टांगलेला असे. तो कधी कुणी खेळायला घेतला नव्हता, विकला नव्हता, उघडलाही नव्हता. कारखान्यातून जसा निघाला तसा. मेहुण्याने त्याचं नाव साक्षीदार ठेवलं होतं. दुरुस्तीला आलेल्या नगाबद्दल शंका आली की साक्षीदाराला खाली उतरवायचं, दोन्ही शेजारी ठेवून दाबायचे, आणि साक्षीदार सांगेल ते खरं. त्याने साक्षीदार उतरवला. एकदा याचं बटण, एकदा त्याचं, पुन्हा याचं. दोन्ही सारखी होती. मेहुण्यालाही खिडकीतून दोन्ही दाबायला दिली. "सेम टू सेम," मेहुणा म्हणाला. "ताईंना सांगतो, साक्षीदाराने तुमच्या विरुद्ध साक्ष दिली." आणि तो पुढे गिऱ्हाइकाकडे वळला.

लागणे हा दुकानातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता. लागतंय का, हा पहिला प्रश्न आणि तोच शेवटचा. कारखान्यातही तेच होतं. तरुणपणी तो टीव्हीच्या रिमोटांच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याला पट्ट्याच्या अगदी शेवटच्या स्टुलावर बसवलं होतं. पट्ट्यावरून रिमोट येत, त्याने प्रत्येकाचं प्रत्येक बटण दाबायचं आणि लागतंय म्हणायचं, किंवा लागत नाही म्हणून बाजूला टाकायचं. दिवसाला किती हजार बटणं त्याच्या अंगठ्याखालून जात याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. पण पडदा न बघता तो नुसत्या अंगठ्याने सदोष नग ओळखायचा, आणि म्हणून तिथल्या पोरांनी त्याचं नाव अंगठेबहाद्दर पाडलं. घरी येऊन त्याने ते कौतुकाने सांगितलं तेव्हा वडील ताटावरून उठले होते. ते शाळेत हेडक्लार्क होते, त्यांची सही वळणदार होती आणि आपल्या मुलाला कुणी अंगठेबहाद्दर म्हणावं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. अहो पण ते चांगल्या अर्थाने म्हणतात, असं आई म्हणाली. त्या शब्दाला चांगला अर्थच नाही, असं वडील आतल्या खोलीतून म्हणाले. त्याला स्वतःला मात्र काही लागलं नव्हतं. तो जेवत राहिला होता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला रिमोटच्या झाकणांना स्क्रू लावणारी एक मुलगी होती, ती मोठ्याने हसायची आणि पुढे त्याची बायको झाली. तिनेच एकदा सांगितलं होतं, की तुझं मला काय आवडलं माहितीय, तुला काही लागत नाही पटकन. पुढे बऱ्याच वर्षांनी तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं होतं, शब्द तेच होते आणि आवाज मात्र निराळा. त्या दिवशी त्याची आई गेली होती. दवाखान्यात शेवटच्या तासांत आईने त्याचा हात धरून ठेवला होता आणि तो खाटेशेजारच्या यंत्रावरच्या हिरव्या रेषेकडे बघत होता, कारण आई आहे की नाही हे आईपेक्षा त्या रेषेवरून नीट समजत होतं. नंतर त्याने फोन केले, गाडी सांगितली, धाकट्या बहिणीला सावरलं, सगळं रीतसर केलं. सगळे म्हणाले, खंबीर आहे. बायकोने मात्र रात्री दिवा मालवताना ते वाक्य म्हटलं. आपल्या आत बटण दाबलं गेलं नाही असं नाही, दाबलं गेलंय, फक्त चौकोन उजळला नाही, असं तिला सांगावंसं त्याला वाटलं होतं. पण तोवर तिला झोप लागली होती.

दुपारी चहा आला. चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हल्ली आपण कप डाव्याच हाताने उचलतो. कधीपासून? शर्टाच्या गुंड्या बायको लावून देते असंही गेल्या काही दिवसांत दोनदा झालं होतं, तो उशीर झाल्यासारखं करून दारात उभा राहिला होता आणि तिने बोलत बोलत लावून दिल्या होत्या. किल्ली कुलपात घालताना नजरेची मदत लागते. नाणी खिशात हाताने ओळखता येत नाहीत, बाहेर काढून बघावी लागतात. या गोष्टी त्याला ठाऊक नव्हत्या असं नाही. पण सुट्या सुट्या ठाऊक होत्या, एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. चहा संपवून त्याने साक्षीदार पुन्हा खिळ्याला टांगला, आणि टांगताना त्याला त्याच्या पाठीवरचा एक स्क्रू दिसला. स्क्रूच्या खाचेत ओरखडा होता. न उघडलेल्या कंट्रोलरच्या स्क्रूला ओरखडा नसतो.

तेव्हा त्याला ते आठवलं. विसरला होता असंही म्हणता येत नव्हतं, कारण आठवायला काही कष्ट पडले नाहीत. एका दुपारी मेहुणा बाहेर गेला होता. समोर कुठलासा नग होता, आणि शंका आली म्हणून त्याने साक्षीदार उतरवला, तर साक्षीदाराचीच बटणं मेल्यासारखी लागली. नुसती आत जायची, अडणं नाही की काही नाही. रबर जुनं झालं, टांगून टांगून मऊ पडलं, असं त्याने ठरवलं. ते ठरवायला त्याला क्षणही लागला नव्हता. रबराचे दोन प्रकार त्याच्या खणात असत, एक मऊ, एक कडक. कडक जातीचं त्याने साक्षीदारात घातलं, दाबून पाहिलं, आता कसं बेताचं झालं असं मनाशी म्हणाला आणि मिटवून टाकलं. तेव्हापासून येईल त्या कंट्रोलरला तो कडक रबर घालत होता, साक्षीदाराशी ताडून बघत होता, आणि साक्षीदार त्याच्या तोंडचंच वाक्य त्याला परत ऐकवत होता. कुंपणानेच शेत खाल्लं आणि वर पीक चांगलं आल्याची ग्वाही दिली.

त्याने साक्षीदार खिळ्यावरून पुन्हा उतरवला आणि टेबलावर पालथा ठेवला. भीती वाटते ती अशी, हे त्याने जरा लांबून पाहिलं.

पण सवय जात नाही. दोष शोधायची रीत त्याला एकच ठाऊक होती आणि ती कारखान्यातल्या म्हाताऱ्या फोरमनने शिकवली होती. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या तर बिघाड जातो, पण कुणामुळे होता ते कधीच समजत नाही. आधी वायर बदल. मग रबर. मग बोर्ड. जे बदलल्यावर दोष जातो, तोच चोर. या महिन्याभरात त्याने वायरी बदलल्या होत्या, रबरं बदलली होती, एका कंट्रोलरचा अख्खा बोर्ड बदलला होता, साक्षीदारही बदलल्यासारखाच केला होता. त्याने क्रेनवाल्या बाईचा कंट्रोलर पुढे ओढला, तो उलटा धरला, आणि उजव्या अंगठ्याच्या जागी डावा अंगठा ठेवून बटण दाबलं. बटण दगडासारखं होतं. त्याने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. मग साक्षीदाराची दाबली. सगळी तशीच. असल्या बटणांवर कुणी तासभर खेळायचं म्हणजे अंगठ्याची सालटीच निघायची. पुन्हा उजवा अंगठा ठेवला तर सगळं बेताचं, गुळगुळीत, लांब कुठेतरी घडत असल्यासारखं. त्याने टेबलावरची टोकदार सुई घेतली आणि चिकटपट्टीच्या बाजूला उजव्या अंगठ्यात टोचली. टोचलेलं दिसलं. रक्ताचा ठिपका आला तोही दिसला. तर्जनीला टोचली तेव्हा काहीतरी पोचलं, जाड कापडावरून कुणी बोट फिरवावं एवढं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. त्याला मात्र आपल्याच हाताची खबर डोळ्यांनी घ्यावी लागत होती.

पुढचा तासभर तो कामच करत राहिला, कारण दुसरं काय करणार. बाईच्या कंट्रोलरचे स्क्रू काढले, कडक रबर काढून मऊ घातलं, टिकल्या स्पिरिटने पुसल्या, डाव्या अंगठ्याने दाबून बघितलं. डावा अंगठा या कामात अडाणी होता, त्याला अडणं समजत होतं पण हार खाणं नेमकं कुठे होतं ते सांगता येत नव्हतं. शिकेलही, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच, पन्नाशी उलटल्यावर? मग त्याने साक्षीदारही उघडला. त्याचं मूळचं रबर खणात कुठे असेल म्हणून तो शोधत राहिला, पण खणात सगळी रबरं एकत्र होती, जुनी, काढलेली, टाकायची राहिलेली, आणि त्यातलं साक्षीदाराचं कुठलं हे ओळखणारा अंगठा आता उरला नव्हता. पार्टिशनच्या पलीकडे मेहुणा फोनवर कुणाला तरी म्हणत होता, "अहो, हात लावला की समजतं भावोजींना. देवाने अंगठा दिलाय तो काय उगाच?" त्याला वाटलं, आत्ता खिडकीतून डोकं बाहेर काढावं आणि सांगून टाकावं. पण मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला समजलं असतं आणि उरलेल्या अर्ध्याला त्याने उद्या सकाळी चहा पाजून सांगितलं असतं. शिवाय सांगायचं काय? बटण लागत नाही असं आपण दुसऱ्याच्या वस्तूबद्दल म्हणतो. अंगठा गेला तर आपण काय उरतो, हा प्रश्न त्याने आजवर कधी केला नव्हता. स्क्रू उघडणारा एक माणूस उरतो. असे स्क्रू कुणीही उघडतं.

बाई आली ती घामाने थबथबलेली. तिने उभ्या उभ्याच बटणं दाबली, डोळे मिटून, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांकडे तो खिडकीतून बघत राहिला. तिच्या भुवया आधी जवळ आल्या, मग सुटल्या. "हां," ती म्हणाली. "आता कसं. नुसतं मनात आलं की लागतंय." मेहुणा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, सवयीचा भाग असतो?" ती हसली. खिडकीकडे वाकून तिने विचारलं, "काय केलंत ओ?" 

"रबर बदललं," तो म्हणाला.

"मग आधी कशाला घट्ट घातलंत?"

"अंदाज चुकला."

"तुमचापण चुकतो?" तिने सहज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती गेली. मेहुण्याने मात्र एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचा फोन वाजला.

घरी तो चालत गेला. रस्त्यावर माणसं जाळ्यांना, कठड्यांना, एकमेकांच्या खांद्यांना हात लावत चालली होती, हे त्याला आजच दिसत होतं असं नाही, पण आज तेवढंच दिसत होतं. एक बाप मुलाच्या कपाळावर तळहात ठेवून ताप बघत होता. भाजीवाला टोमॅटो दाबून बघत होता. आपणही उजव्या हाताने कठडा धरून बघावा असं त्याला वाटलं, आणि धरला नाही. घरी बायको आधीच आली होती. कारखाना बंद पडल्यानंतर ती चष्म्याच्या दुकानात लागली, तिथे ती लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरून दिवसभर एकच विचारायची, हे बरं की ते? आता नीट दिसतंय? आणि आता? त्यामुळे घरी तिला प्रश्न विचारायचा कंटाळा यायचा. तिने ताटं मांडली. तो डाव्या हाताने जेवायला लागला तेव्हा ती थांबली.

"हाताला काय झालं?"

"भाजलं."

"बघू." तिने त्याचा हात ओढून घेतला, चिकटपट्टी सोडवली. फोड फुटला होता, आतलं मांस दिसत होतं, शेजारी सुई टोचल्याची खूण होती. तिने तोंडाने हवा आत ओढली. "अरे, केवढं हे! दुखत नाही का?"

नेहमीसारखं नाही म्हणता आलं असतं. नेहमी ते खरंही असायचं आणि तिला ते खंबीरपण वाटायचं, किंवा दुसरं काहीतरी वाटायचं. त्याने घास खाली ठेवला. बोलताना त्याचा आवाज दुकानातल्यासारखाच होता, दोष समजावून सांगतानाचा. "दुखत नाही. काहीच कळत नाहीये मला त्याच्यात. बऱ्याच दिवसांपासून. दुकानात सगळी बटणं चुकीची घातली मी." आणि मग, जे बोलायचं ठरवलेलं नव्हतं तेही बोलला. "मला भीती वाटतेय गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. तिने ताटं बाजूला सरकवली, टेबल पुसलं, समोरची खुर्ची ओढून बसली आणि त्याचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला, बोटं पसरून, जशी ती गिऱ्हाइकाची मान सरळ करून बसवत असेल तशी. "डोळे मीट," ती म्हणाली. "मी एकेका बोटाला हात लावणार. कळलं की सांगायचं, कुठलं ते. अंदाजाने सांगायचं नाही."

त्याने डोळे मिटले. करंगळीला ती लावली, त्याने सांगितलं. शेजारचीला लावली, तेही सांगितलं. मधल्या बोटाला जरा वेळ लागला. तर्जनी कुठेतरी खोल, पण सांगता आली. मग काही नाही. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. ती उठून गेली की काय असं त्याला वाटलं, पण तिचा श्वास समोरूनच येत होता, जरा जोराने येत होता. ती विचार करत असेल. घाबरली असेल. तिला घाबरवायला नको होतं. तो शाळेतल्या मुलासारखा डोळे घट्ट मिटून वाट बघत राहिला, आणि मग तिला धीर यावा म्हणून, शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाला, "हं. लाव ना आता अंगठ्याला."

मग त्याने डोळे उघडले. तिने त्याचा अंगठा दोन्ही हातांनी धरला होता. तिची नखं दाबून दाबून पांढरी पडली होती, आणि एक त्याच्या कातडीत रुतलं होतं.

"केव्हाची दाबतेय मी," ती म्हणाली.